विकत घेतलेलं सॉफ्टवेअर पुरात गेलं, मग क्रॅक टाकला... ही चोरी झाली का?

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार. माझं चिपळूणच्या बाजारपेठेत डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपतीचे बॅनर करतो, सोबत लोकांचे ऑनलाईन फॉर्म पण भरून देतो. २०१८ ला कर्ज काढून डिझाईनचं ओरिजनल सॉफ्टवेअर घेतलं, एकदाच पैसे भरून कायमचं. २०२१ च्या पुरात दुकानात माळ्यापर्यंत पाणी आलं आणि कॉम्प्युटर गेला. नवीन मशीन आणून सॉफ्टवेअर टाकलं तर ॲक्टिव्हेशनची, म्हणजे कंपनीकडे मशीनची नोंद करून सॉफ्टवेअर चालू करायची, लिमिट संपली असा मेसेज. एक ॲक्टिव्हेशन आधी हार्ड डिस्क बदलली तेव्हा गेलं होतं आणि दुसरं त्या बुडालेल्या मशीनवर. कंपनीला मेल केले तर उत्तर आलं, जुन्या मशीनवरून डीॲक्टिव्हेट करा. जुनं मशीन चिखलात! शेवटी भाच्याने क्रॅक, म्हणजे ॲक्टिव्हेशन चुकवणारा प्रोग्राम, टाकून दिला, दहा मिनिटांत काम चालू. तेव्हापासून तेच वापरतोय, बाकीच्या दोन मशीनवर पण तेच टाकलंय. आता लेक रत्नागिरीला इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणते पप्पा ही चोरी आहे. मी म्हणतो चोरी मी केली की त्यांनी? पैसे देऊन घेतलेल्या वस्तूला परत परत परवानगी कसली मागायची? ही ॲक्टिव्हेशनची पद्धत बरोबर आहे का, तुम्हीच सांगा.

उत्तर:

दादा नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं आणि २२ जुलैनंतरची पेठ परत डोळ्यासमोर आली. मी चार दिवसांनी मावसबहिणीकडे कपडे आणि भांडी घेऊन आले होते, वाशिष्ठीचा आणि शिवनदीचा चिखल अजून गुडघाभर होता, आणि एका दुकानाबाहेर एक माणूस सीपीयू उपडा धरून त्यातलं पाणी गटारात ओतत उभा होता, कोणाशी काही बोलत नव्हता. २००५ चा पूर बघितलेली माणसंसुद्धा म्हणत होती की असं पाणी नाही बघितलं. त्या अवस्थेतल्या माणसाला मेलवर उत्तर येतं की जुन्या मशीनवर जा आणि डीॲक्टिव्हेट करा. ते वाचून मला आज इतक्या वर्षांनी राग आला, तर तुम्हाला तेव्हा काय झालं असेल.

म्हणून आधी सरळ उत्तर देते. त्या आठवड्यात, त्या एका मशीनवर तुम्ही जे केलंत त्याला मी चोरी म्हणणार नाही. पैसे दिले होते, जुनी कॉपी पाण्यात गेली होती, एकाच्या जागी एकच चालू केलीत. पण पत्रात तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीय, बाकीच्या दोन मशीनची, आणि तिच्यावर मला तुमच्याशी बोलायचंय. ते जरा नंतर, कारण आधी तुमचा मोठा प्रश्न, की सॉफ्टवेअरला असं ॲक्टिव्हेशनचं कुलूप लावणंच चूक का.

मी कुडाळला नऊ वर्षं डीटीपी केलंय. ॲक्टिव्हेशनच्या आधी आमच्याकडे डोंगल असायचं, तुम्हालाही आठवत असेल, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर यायचं, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं आणि ते असेल तरच अक्षर उमटणार. एका मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि पोर्टसकट डोंगल जळलं. ऐन लग्नसराई, चौदा पत्रिकांची कामं पडून, आणि कंपनीवाले म्हणाले नवीन हवं तर पूर्ण किंमत भरा. भरली. काय करणार, पत्रिका न छापता लग्न थोडंच थांबतं. तरी आज मागे वळून बघते तेव्हा वाटतं की डोंगलमध्ये एक गोष्ट बरी होती, ते माझ्या हातात होतं. मशीन बिघडलं की उपटायचं, दुसऱ्या मशीनला लावायचं, कोणाला विचारायचं नाही, कोणाच्या मेलची वाट बघायची नाही.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आणि ऑफिस एक्सपी आलं आणि ॲक्टिव्हेशन घरोघरी पोचलं. म्हणजे सीडीवरची २५ अक्षरांची की, म्हणजे किल्ली, टाकायची, त्याबरोबर मशीनच्या आतल्या पार्ट्सवरून एक नंबर तयार होणार आणि दोन्ही मिळून कंपनीकडे नोंद होणार. एक्सपीला ३० दिवसांची मुदत होती, आणि पुढे बरेच पार्ट बदलले की ते परत विचारायचं. नेट तेव्हा कुठलं आमच्याकडे, टोल फ्री नंबरवर फोन लावायचा आणि स्क्रीनवरची आकड्यांची लांबलचक माळ वाचून दाखवायची. मी कितीतरी गिऱ्हाइकांसाठी ते केलंय. पलीकडची बाई विचारायची, ही कॉपी किती कॉम्प्युटरवर टाकलीय? एकावर, असं सांगितलं की ती उलट आकडे सांगायची, ते लिहून घ्यायचे आणि टाकायचे, झालं. त्या फोनचा मला कधी त्रास वाटला नाही. कुलूप होतं, पण पलीकडे माणूस होता आणि तो माझ्या शब्दावर किल्ली देत होता. तुम्हाला पुराच्या वेळी नेमका तो माणूस मिळाला नाही.

आता दुसऱ्या बाजूचं पण ऐका, कारण ती बाजू मी जवळून बघितलीय. सावंतवाडीचा माझा एक मित्र काजू फॅक्टरीवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो, एकटाच, घरच्या पडवीत बसून. कच्च्या बीची खरेदी, ग्रेडप्रमाणे स्टॉक, कामगारांचा हिशोब, सगळं त्यात आहे, दोन वर्षं खपला त्याच्यावर. ६ हजाराला एक कॉपी. एके दिवशी वेंगुर्ल्याच्या एका फॅक्टरीतून फोन, जिथे तो कधी गेला नव्हता, ज्यांनी त्याला एक रुपया दिला नव्हता, आणि ते म्हणतात, "जीएसटीचो कॉलम बरोबर येना नाय, जरा येवन बघून जावा." त्याने चौकशी केली तर एका कॉपीच्या पाच झालेल्या, सगळी नात्यातली माणसं. तो मला म्हणाला, पैसे गेले ते गेले, पण त्यांना फोन करताना संकोचसुद्धा वाटला नाही. त्यानंतर त्याने ॲक्टिव्हेशन घातलं. त्याला मी चूक म्हणू शकत नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या पाहणीत २०१७ साली भारतातल्या कॉम्प्युटरवरचं ५६ टक्के सॉफ्टवेअर बिनलायसन्सचं निघालं होतं. तो अंदाज त्यांचा स्वतःचा आहे, त्यांच्या सोयीचा असेल, पण आपल्या आजूबाजूच्या दुकानांत बघितलं तर मला तो खोटा वाटत नाही.

मग कुलूप रास्त आहे, असं मी म्हणते. पण रास्त कधीपर्यंत? जोपर्यंत ते विकत घेणाऱ्याला बोचत नाही आणि बोचलंच तर लगेच सोडवायला कोणीतरी आहे तोपर्यंत. आणि मोठ्या कंपन्यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा बिघडवलीय. अमेरिकेत टर्बोटॅक्स नावाचं टॅक्स भरायचं सॉफ्टवेअर आहे, त्याला इन्ट्युट कंपनीने २००२ च्या टॅक्स वर्षासाठी ॲक्टिव्हेशन लावलं आणि एका मशीनला जखडलं, लोक इतके भडकले की २००३ मध्ये कंपनीने ते काढायचं ठरवलं. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ओरिजनल की नकली तपासणारा सर्व्हरच बिघडला आणि पैसे भरलेल्या सुमारे १२ हजार मशीनवर तुमचं विंडोज नकली आहे असा शिक्का बसला. २००८ मध्ये स्पोअर नावाचा गेम फक्त तीन ॲक्टिव्हेशन देऊन विकला, पुढे ओरडा झाल्यावर पाच केली, आणि फुकट्यांकडे त्याच गेमची क्रॅक कॉपी कसलीही लिमिट नसताना चालत होती. म्हणजे बघा, पैसे भरणारा मोजत बसलाय की आता किती वेळा फॉरमॅट मारता येईल, आणि न भरणारा निवांत. तुमच्या भाच्याने दहा मिनिटांत जे केलं ते हेच, चोराला कुलूप दहा मिनिटांचं आणि तुम्हाला कायमचं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या ना. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क, मिळालं तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातोच, म्हणून देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर युनिक कोडचं स्टिकर आणलं, कोड तपासला की आंबा कुठल्या बागायतदाराचा ते कळतं. हे पण ॲक्टिव्हेशनसारखंच आहे की, नकलीला आळा घालायला प्रत्येक नगाला नंबर. पण त्याच्यात तपासणारा कोण, तर घेणारा, स्वतःच्या समाधानासाठी. आंबा एकदा घरी आला की तो कुठल्या सुरीने कापला, किती जणांनी खाल्ला, पेटी पुण्याच्या आत्याकडे पाठवली का, हे बागायतदार विचारत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी एकदा तपासावं आणि मग विश्वास ठेवावा, एवढंच मला हवंय. दर महिन्याला नेटवर हजेरी लावा नाहीतर बंद, हे आपल्या किनाऱ्यावर कसं चालणार? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली मंडणगडकडच्या गावांत कितीतरी दिवस लाईट नव्हती, टॉवर बंद, जनरेटर लावून कोणी काम करायला बसला असता तरी त्याचं रीतसर विकत घेतलेलं सॉफ्टवेअर सर्व्हर सापडत नाही म्हणून हटून बसलं असतं.

आणि अजून एक, कंपनीने सर्व्हरच बंद केला तर? ॲडोबीने २००५ च्या सीएस२ या डिझाईन सॉफ्टवेअरच्या संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर २०१३ च्या सुमाराला बंद केले, पण ते करताना ज्यांनी ते विकत घेतलं होतं त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी वेगळी कॉपी आणि सिरीयल नंबर दिले. हे त्यांनी चांगलं केलं आणि प्रत्येकाने असंच करायला हवं, नुसतं मोठेपणा म्हणून करायची ही गोष्ट नाही, विकतानाच लिहून द्यायला हवी. माझ्या सावंतवाडीच्या मित्राने की बनवायचा प्रोग्राम पेनड्राईव्हमध्ये घालून बायकोकडे देऊन ठेवलाय, माझं काही झालं तर सगळ्या गिऱ्हाइकांना उघडं करून दे म्हणून. आणि २०२१ च्या पुरानंतर त्याच्या खेर्डीच्या एका गिऱ्हाइकाने फोन केला, मशीन गेलं म्हणाला, याने त्याच फोनवर नवीन की सांगितली, पुरावा मागितला नाही. एकट्या माणसाला जे जमतं ते एवढ्या मोठ्या कंपनीला का जमू नये याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता ती ओळ. "बाकीच्या दोन मशीनवर पण तेच टाकलंय."

दादा, पुरात तुमची एक कॉपी बुडाली होती, तीन नाही. पहिल्या मशीनच्या बाबतीत तुम्ही तुमचंच परत घेतलंत, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या मशीनचे पैसे तुम्ही कधीच दिले नव्हते, आणि त्या मशीनवर माणसं बसवून इतकी वर्षं धंदा केलात. हे वेंगुर्ल्याच्या फॅक्टरीपेक्षा वेगळं कसं ते मला सांगता येणार नाही. कंपनी तुमच्याशी वाईट वागली हे शंभर टक्के खरं, पण तो राग पहिल्या मशीनपुरता पुरतो, पुढे ताणला की तो राग राहत नाही, सवय होते. तुमच्या लेकीला बहुतेक हेच म्हणायचंय आणि ती बरोबर आहे.

कायद्यातही हा फरक आहेच. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५२ रीतसर कॉपी असलेल्याला ती कामासाठी वापरायला लागेल तशी कॉपी करायला आणि खराब होण्याच्या, नष्ट होण्याच्या भीतीने बॅकअप ठेवायला मुभा देतं. २०१२ ला आलेलं कलम ६५ए कुलूप तोडण्याबद्दल आहे, पण त्यातही हक्क बुडवायच्या हेतूने तोडलं तर शिक्षा, असं आहे. म्हणजे पहिल्या मशीनबद्दल तुमच्याकडे बोलायला जागा आहे. पण कलम ६३बी बघा, नकली कॉपी आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता नुसत्या दंडावर सोडू शकतं, तुमचं तर दुकानच आहे, ती सवलत तुम्हाला लागू होत नाही.

आणि मला खरी काळजी वाटते ती कायद्याची पण नाही, तर तुमच्या पत्रातल्या अजून एका वाक्याची, की तुम्ही लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून देता. म्हणजे त्याच मशीनवर गावातल्या म्हाताऱ्यांची आधार कार्डं, पासबुकाचे फोटो, सातबारे, पोरींच्या स्कॉलरशिपचे कागद. क्रॅक टाकताना भाच्याने आधी अँटीव्हायरस बंद केला असणार, नेहमी तसंच सांगतात, आणि मग कोणी बनवलाय हे माहीत नसलेला प्रोग्राम पूर्ण परवानगी देऊन चालवला. त्याने आत अजून काय ठेवलंय हे तुम्हाला आणि भाच्याला दोघांनाही दिसत नाही. उद्या एखाद्या आजीच्या खात्यातून पैसे गेले तर ती तुमच्याच दारात येऊन उभी राहील. हे मला सहन होणार नाही आणि तुम्हालाही होणार नाही, म्हणून फॉर्मचं काम क्रॅक असलेल्या मशीनवर उद्यापासून बंद करा, एक मशीन पूर्ण फॉरमॅट मारून फक्त त्या कामासाठी ठेवा. हे बाकी सगळ्याच्या आधी.

मग कंपनीला परत लिहा, पण या वेळी नुसतं गाऱ्हाणं नको. पुरानंतर दुकानाचा पंचनामा झाला असेल, त्याची प्रत घरात कुठे ना कुठे असेल, नसेल तर तहसील कचेरीत अर्ज करून मागा. ती प्रत, २०१८ चं बिल किंवा पैसे भरल्याचा बँकेचा कागद, सिरीयल नंबर आणि ज्या मेल आयडीवरून घेतलं तो आयडी, एवढं जोडून स्पष्ट मागा की माझं बुडालेलं ॲक्टिव्हेशन तुमच्या बाजूने रद्द करा, ते त्यांना त्यांच्या सर्व्हरवरून करता येतं. सपोर्टच्या मेलने होत नसेल तर ज्या डीलरकडून घेतलंत त्याला मध्ये घाला, डीलरचा फोन कंपनीत लवकर उचलतात हा माझा अनुभव आहे. व्हर्जन जुनं झालं म्हणाले तर अपग्रेडचा भाव मागा आणि पंचनाम्यावर घासाघीस करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दोन मशीनचं काय, तर तिन्हींवर तेच महागडं सॉफ्टवेअर लागतंच का हे आधी बघा. बिलबुकं, साधे बॅनर, पोरांचे प्रोजेक्ट यांना इंकस्केप पुरतं, ऑफसेटला जाणारं सीएमवायकेचं, म्हणजे छपाईच्या चार रंगांचं, काम असेल तर स्क्रायबस, फोटोला गिम्प, पत्रं आणि अर्जांना लिब्रे ऑफिस, सगळं फुकट आणि रीतसर. मराठीसाठी मुक्ता, बालू असे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात आणि छपाईत छान दिसतात. त्रास होईल तो जुन्या मॅटरचा, जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्ट करावा लागेल आणि जोडाक्षरं एकेक तपासावी लागतील, आणि जुनी डिझाईन नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी नीट उघडतील असं नाही, म्हणून सध्याचं चालू आहे तोवर महत्त्वाच्या फाईल पीडीएफ आणि एसव्हीजीमध्ये काढून ठेवा. हे काम आषाढात घ्या. लग्नं नसतात, पाऊस असतो, गिऱ्हाईक कमी, मुलगी सुट्टीत घरी असेल तर तिला सोबत घ्या, तिने प्रश्न विचारलाय तर हाताला काम पण तिनेच लावावं. श्रावण संपेपर्यंत हात बसला पाहिजे, नाहीतर गणपतीच्या बॅनरच्या गर्दीत तुम्ही परत क्रॅककडे जाल.

पुढे कधी पैसे भरून काही घेणार असाल तर भावाच्या आधी डीलरला विचारा की मशीन अचानक मेलं तर लायसन्स परत कसं मिळणार, नेट किती दिवस नसलं तरी चालेल, आणि फोनवरून ॲक्टिव्हेट होतं का. उत्तर मेलवर लिहून घ्या. आणि मशीन रिपेअरला किंवा फॉरमॅटला द्यायच्या आधी स्वतःच्या हाताने डीॲक्टिव्हेट करायची सवय लावा, टॅलीमध्ये लायसन्स सरेंडर करतात ना तसंच. पावसाळ्यात पाण्याचा इशारा आला की आपण टीव्ही, धान्य माळ्यावर चढवतो, तेव्हाच पाच मिनिटं काढून हे करता येतं. सिरीयल नंबर आणि बिलाचा फोटो स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा, कागद भिजतो.

पंचनाम्याची प्रत सापडली की मला कळवा, कंपनीला जाणारं पत्र मी स्वतः लिहून देते.